आग्रह करणारा हात

यंत्राचा हात मगदूमांच्या घरी आला त्याच दिवशी त्याचं बारसं झालं. सहाय्य केंद्राने दिलेलं त्याचं नाव लांबलचक होतं आणि ते पद्मजाताईंच्या जिभेवर काही बसेना. जेवणाच्या टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेला तो पांढरा, सडपातळ, तीन सांध्यांचा हात चमचा धरून मान खाली घालून उभा होता. पद्मजाताईंनी त्याला पुढून-मागून न्याहाळलं आणि जाहीर केलं, "जावईबापू आहेत हे. बघ की चंदे, कसे लाजलेत."

"आधी विचार," चंदनाच्या गळ्यातला स्पीकर म्हणाला, "कांदा-लसूण खातो का."

चंदना म्हणजे पद्मजाताईंची एकुलती एक लेक, तिशीला टेकलेली. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि तेव्हापासून तिचे हातपाय आणि जीभ तिच्या सांगण्याबाहेर गेले. उजवा हात उचलायला जावं तर डावा पाय आधी उठायचा. डोकं मात्र असं तल्लख की कृष्णेचं पाणी सांगलीच्या कुठल्या गल्लीत कधी शिरेल याचं गणित ती घरबसल्या मांडायची, आणि ते बरोबर यायचं. नाशिकच्या एका जलसंस्थेने आता तिला कायमची नोकरी देऊ केली होती, आवारातच राहायला खोलीही. उपकरणांच्या आधाराने एकेकटी राहणारी आणखी काही माणसं तिथे होती. अट एकच होती. चंदनाची सगळी उपकरणं फक्त तिच्याच इच्छेने चालतात, हे सांगलीच्या सहाय्य केंद्रात चाचणी देऊन सिद्ध करायचं.

पद्मजाताईंची यात मोठी पंचाईत होती. लेक पास व्हावी म्हणून त्या रोज सकाळी मंदिरात हात जोडत, आणि ती खरंच पास झाली तर आपलं काय, हा विचार करत घरी येत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात या दोघीच. सकाळच्या नाश्त्यापासून जैन रीतीने सूर्य मावळायच्या आत उरकायच्या जेवणापर्यंत चंदनाचा प्रत्येक घास आजवर आईच्या हाताने तिच्या तोंडात गेला होता. आता तिथे हे जावईबापू येऊन उभे राहिले.

हा हात कसा चालतो ते केंद्रातल्या नसीम शिकलगारने नीट समजावून सांगितलं होतं. नसीम व्यवसायोपचार तज्ज्ञ होती. चंदनाच्या कानामागे तिने एक पातळ पट्टी चिकटवली होती, हनुवटीखाली, बोलायचे शब्द टिपणारी, दुसरी. आपण हात उचलतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत तो उचलायचा बेत ठरतो. चंदनाचा बेत अगदी ठीक असायचा, स्नायूंपर्यंत पोचेपर्यंत त्याचा विचका व्हायचा. पट्टी तो बेतच उगमाशी पकडायची: हवं, नको, थांब, डावीकडे, अजून.

पण प्रत्येकाच्या मेंदूत 'नको' वेगळ्या तऱ्हेने उमटतं, त्यामुळे यंत्राला ते शिकावं लागे, आणि ते शिके परिणामांवरून. नकाराची खूण उमटली आणि ती गोष्ट खरंच थांबली, की यंत्र समजे, हा नकार. खूण उमटूनही गोष्ट चालूच राहिली आणि कुणाचं काही बिघडलं नाही, की यंत्र समजे, ही किरकोळ खूण, सोडून द्यावी. ही शिकवणी व्हावी म्हणून हात घरी येण्याआधी पद्मजाताईंनी दोन महिने सेन्सरचा हातमोजा घालून लेकीला भरवलं होतं. आणि एकदा शिकलेलं ज्ञान सगळ्या उपकरणांत सामाईक असे. हात, चाकाची खुर्ची आणि बोलणारा स्पीकर, तिघांची शाळा एकच.

पहिले काही दिवस छान गेले. मग केंद्राच्या लांब व्हरांड्यात खुर्चीचा सराव चालला असताना घोटाळा झाला. समोरून पाण्याचे जार लादलेली ढकलगाडी आली. चंदनाने थांबायचं ठरवलं, पण खुर्ची आपली चालतच राहिली आणि गाडीवर जाऊन आदळल्यावर थांबली. दोन जार उलटले, व्हरांडाभर पाणी झालं, चंदनाचा गुडघा सोलवटला.

"बिघडलंय मेलं!" पद्मजाताई धावत आल्या आणि पदराने लेकीचा गुडघा टिपू लागल्या. "असल्या खुर्चीवर पोरीला नाशकाला धाडायची होय, मॅडम?"

नसीम पडद्यावरच्या रेघा वर-खाली करून पुन्हा पुन्हा बघत होती. "काकू, खुर्ची बिघडलेली नाही. चंदनाने तीनदा थांब म्हटलंय. खुर्ची तिसऱ्याला थांबली, तोवर उशीर झाला होता."

"मग पहिल्या दोनांना काय झालं होतं खुर्चीला?"

"तेच कळत नाही. असं करा, उद्या मी तुमच्याकडे जेवायला येते. हात कसा चालतो ते बघू."

जेवायला येते म्हटल्यावर पद्मजाताई गुडघा, खुर्ची सगळं विसरल्या आणि मनातल्या मनात भाज्या ठरवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत पानं मांडली गेली. ज्वारीची पातळ भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, भात. जावईबापू शिस्तीत चंदनाला भरवत होते. बऱ्याच घासांनंतर पडद्यावर नकाराची रेघ उमटली. हात क्षणभर थबकला आणि त्याने पुन्हा आमटीभात उचलला. चंदनाने तो खाल्ला. पुन्हा रेघ, पुन्हा थबकणं, पुन्हा घास. तिसऱ्या रेघेला हाताने चमचा खाली ठेवला.

नसीम ते बघण्यात गुंग असताना तिच्या ताटात भाकरी पडली.

"नको काकू, झालं माझं."

"एवढ्यात कुठं? चतकोर आहे की नुसती." चतकोर म्हणत पद्मजाताईंनी अख्खी भाकरी वाढली होती. वर तुपाची धार धरली.

"तूप नको, काकू."

"भाकरी कोरडी खातात होय?"

"काकू, खरंच नको, पोट..."

"बरं, नको तर नको." पद्मजाताईंनी तुपाचं भांडं बाजूला ठेवलं. भाकरी आणि तूप तोवर ताटात जाऊन बसलेलं होतं. नसीमने भाकरीकडे बघितलं, हाताकडे बघितलं आणि ती एकदम इतकी हसायला लागली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सापडलं! काकू, मी तीनदा नको म्हटलं आणि तुम्ही तिसऱ्याला थांबलात."

"मग? पहिल्या नकोला कोण थांबतं? माणूस लाजून म्हणतं ते. पहिल्यालाच ताट उचललं तर पाहुण्याला काय वाटेल?"

"पाहुण्याचं सोडा. दोन महिने तुम्ही चंदनालाही असंच भरवलंत. तिने नको म्हटलं, तुम्ही घास दिलात, तिने खाल्ला. परत नको, परत घास. यंत्राने बघितलं की पहिल्या दोन नकोंनी काहीच थांबत नाही आणि कुणाचं काही बिघडतही नाही. मग ते शिकलं. तुमच्या हाताने याला आग्रह शिकवलाय, काकू. आणि तोच आता खुर्चीतही गेलाय." नसीमचं हसू ओसरलं. "काल जारची गाडी होती. उद्या रस्त्यावर ट्रक असेल."

पद्मजाताईंनी तुपाचं भांडं आणखी लांब सरकवलं. त्या लेकीकडे वळल्या. "चंदे, तुला जास्त व्हायचं का गं?"

"नाही," स्पीकर म्हणाला. "पोट भरायच्या थोडं आधीच मी नको म्हणायला लागते. तिसऱ्यापर्यंत बरोबर भरतं."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

उपाय सांगायला सोपा होता. जुनी शिकवणी पुसायची आणि नव्याने सुरू करायची. चाचणीपर्यंत त्या घरात चंदनाचा पहिला नकार शेवटचा मानायचा, मग तो खाण्याचा असो, पंख्याचा असो की झोपण्याचा. पद्मजाताईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पळवाटा काढायला सुरुवात केली. "आमटीला नको म्हणालीस, भाताला कुठं म्हणालीस?" हे झालं. काही न बोलता ताटाकडे बघत उसासा टाकणं झालं. आणि चंदना तरी कुठे सरळ होती? तीही सवयीने वेळेआधीच नको म्हणून बसायची. एकदा तशीच अर्धपोटी राहिली आणि सूर्य मावळला. त्या घरात त्यानंतर कुणी काही खात नसे.

"मी एकदा खा म्हटलं असतं तर खाल्लं असतंस," पद्मजाताई म्हणाल्या.

"हो," चंदना म्हणाली. "म्हणूनच म्हणू नकोस. मला अजून हवं असेल तर मी मागायला शिकते."

पण पद्मजाताईंच्या काळजाला हे कसं पटावं? चंदना वर्षाची असताना मूठभर होती. गिळताना ठसका लागायचा, घास बाहेर यायचा, तोंड घट्ट मिटून ती मान फिरवायची. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा दिवसदिवस मांडीवर घेऊन, चिमणी दाखवून, गाणी म्हणून, रडत-रडवत त्यांनी तिच्या पोटात एकेक घास घातला होता. ती पोर जगली ती आईने तिचा नकार ऐकला नाही म्हणून. मग आता कुणी येऊन सांगावं की नकार ऐका, आणि हातांनी ते लगेच मानावं, असं होत नाही.

शेवटी त्यांनी चोरी केली. हाताचं बटण बंद करून त्या लेकीला आपल्या हाताने शेवटचे दोन घास भरवू लागल्या. कानामागची पट्टी चालूच असते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. नसीमला केंद्रात बसून सगळं दिसलं.

"काकू, असंच चाललं तर यंत्र परत तेच शिकणार," तिने फोनवर शांतपणे सांगितलं. "चाचणी पुढं ढकलावी लागेल. आणि नाशिकवाले काही तिच्यासाठी थांबणार नाहीत."

फोन ठेवल्यावर पद्मजाताईंनी हाताचं बटण पुन्हा चालू केलं. मग स्पीकर म्हणाला, "आई, मी पास व्हायला तुला नको आहे का?"

पद्मजाताईंना 'काय तर बोलू नकोस' म्हणायचं होतं. ते त्यांच्या तोंडून निघेना, कारण लेकीने नेमकं दुखऱ्या जागीच बोट ठेवलं होतं. त्या उठून उगाच धुतलेली भांडी परत धुवायला गेल्या.

त्याच आठवड्यात मुनिमहाराज गावात आले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, तोही उभ्याने, ओंजळीत आणि मौन पाळून. शेजारच्या उपाध्यांच्या घरी चौका, म्हणजे मुनींसाठीचा शुद्ध स्वयंपाक, मांडला होता आणि आहार द्यायचा मान पद्मजाताईंनाही मिळाला होता. त्या पहाटेपासून सोवळ्याने राबत होत्या. चंदनाची खुर्ची दाराबाहेर होती, तिथून तिला सगळं दिसत होतं.

महाराजांनी चार-सहा घास घेतले असतील. पद्मजाताईंनी ओंजळीत भात ठेवला. महाराजांनी अंगठ्याने तो चाचपला, त्यांची नजर स्थिरावली. भातात एक केस होता.

अंतराय आला, म्हणजे आहारात विघ्न आलं. महाराजांनी ओंजळ सोडली. झालं, त्या दिवसापुरता आहार संपला. आता उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं, आदल्या दिवशी त्यांचा उपास होता, आणि चुलीजवळ अजून इतकं काही झाकून ठेवलेलं होतं. सगळं घर हात जोडून उभं राहिलं. पद्मजाताईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पण एक घास आणखी घ्या, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

परतताना चंदनाची खुर्ची त्यांच्या बाजूने सावलीतून चालली होती.

"महाराजांना भूक होती ना, आई?"

"असणार की."

"मग तू आग्रह नाही केलास."

"महाराजांना आग्रह करतात होय? त्यांनी ओंजळ सोडली. सोडली म्हणजे सोडली."

"तुला वाईट वाटलं."

"जीव तुटला गं माझा. माझ्या हातून झालं ते."

"तरी थांबलीस."

पद्मजाताई रस्त्यातच उभ्या राहिल्या. चंदनाची खुर्चीही त्यांच्याशेजारी थांबली. एक रिक्षा आवाज न करता बाजूने निघून गेली. मग पद्मजाताईंनी डोळे पुसले आणि त्या घराकडे चालू लागल्या.

त्या संध्याकाळी चंदनाने अर्ध्या भाकरीवर नको म्हटलं. पद्मजाताईंनी ताट उचललं. उसासा नाही, भाताची आठवण नाही, काही नाही. आत जाऊन त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. जीव तुटायचा तेवढा तुटला, पण त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी थांबणं थोडं सोपं गेलं. आणि काही दिवसांनी, आमटी विशेष जमली असताना, ताट उचलायला वाकलेल्या पद्मजाताईंना स्पीकरचा आवाज आला, "थांब. अजून हवंय." लेकीने आपणहून मागितलेला तो पहिला घास होता. एवढ्या वर्षांत आग्रहाने भरवलेल्या हजारो घासांत त्यांना असा आनंद कधी झाला नव्हता, आणि तो आनंद लपवायलाही त्यांना जमलं नाही.

चाचणीच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक आल्या. खुर्ची झाली. थांब म्हटल्यावर ती जागच्या जागी थांबली. स्पीकर झाला. शेवटी हात. वाटीत हुग्गी होती. गव्हाची ती खीर चंदनाचा जीव की प्राण, आणि ती पद्मजाताईंनीच करून आणलेली. चंदनाने दोन चमचे खाल्ले. तिसरा ओठांपाशी आला तेव्हा पट्टीवर नकाराची रेघ उमटली. हात हवेतच थांबला.

परीक्षक पद्मजाताईंकडे वळल्या. "आता तुम्ही आग्रह करा."

"मी?"

"हो. जितका जमेल तितका. आजूबाजूच्या बोलण्याने यंत्र हलतं का ते बघायचंय."

पद्मजाताईंनी नसीमकडे बघितलं. नसीमने होकाराची मान हलवली. मग त्या लेकीजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी आग्रह सुरू केला. आधी अडखळत, परक्यांसमोर करतात तसा. मग हळूहळू त्यांचा तो नेहमीचा सूर लागला. "खा की गं चंदे. एकच. बघ, तूप किती घातलंय. सकाळपासून हलवतेय मी. तिकडं गेल्यावर कोण करून घालणार तुला हुग्गी? कोण बघणार, जेवलीस का उपाशी झोपलीस? आईचं एवढं ऐक. एकच घास खा, मग जा." आता तो चाचणीपुरता आग्रह राहिला नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

चंदनाचे डोळे भरून आले होते. तिची मान थरथरत होती, बोटं वळत होती. पण पडद्यावरची रेघ होती तिथेच होती. हाताने चमचा सावकाश खाली आणला, वाटीत ठेवला आणि तो मागे सरला.

"ठीक आहे," परीक्षक म्हणाल्या. "झाली चाचणी. अभिनंदन."

पद्मजाताईंनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्या मोकळेपणाने रडल्या. आपण हरलो याचं त्यांना रडू येत होतं आणि लेक आपल्यालाही पुरून उरली याचंही. त्यातलं कुठलं जास्त, हे त्यांनी ठरवायचा प्रयत्न केला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या चंदनाचे कपडे बॅगेत भरत होत्या. स्वेटर घालायचा की नाही यावर दोघींचं एकदा वाजून झालं होतं. चंदनाने पहिल्यांदा नको म्हटल्यावर तो कपाटात परत गेला होता.

"आई," चंदना म्हणाली, "आठ दिवस येतीस का माझ्याबरोबर? खोली लावायला."

गेला महिनाभर पद्मजाताई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. आणि त्यांचं तोंड म्हणालं, "नको गं. मी कशाला तुझ्या मधे मधे?"

"बरं," स्पीकर म्हणाला.

पद्मजाताई ओढणीची घडी घालत थांबल्या. घडी झाली. ती मोडून त्यांनी परत घातली. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. त्यांनी वर बघितलं. चंदना आपल्या पडद्यावर नदीचं गणित बघत होती, चेहरा अगदी साळसूद.

"एवढंच? परत विचारणार नाहीस?"

"तू नको म्हणालीस ना."

पद्मजाताईंनी जन्मभर पहिल्यांदा नकोच म्हटलं होतं. माहेरच्या साडीला, शेजारच्या चहाला, पंगतीतल्या लाडवाला. दुसऱ्यांदा कुणीतरी विचारणारच याची खात्री होती म्हणून. आता कुणी विचारणार नव्हतं. हवं असेल तर आपल्याच तोंडाने सांगायचं होतं, आणि परक्या पंगतीत हात पुढे करून वाढून मागावं तशी त्यांना लाज वाटली.

"यायचंय मला," त्या म्हणाल्या. मग आवाज जरा मोठा झाला. "खूप यायचंय, चंदे. माझ्याच्यानं तुला एकदम सोडवत नाही. आठ दिवस राहीन, तुझं बस्तान बसलेलं बघीन, आणि येईन परत."

चंदनाने पडद्यावरून नजर काढून आईकडे बघितलं.

"ये," ती म्हणाली.

पद्मजाताईंनी तिला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं नाही.